कचरूभाऊंची दोन बोटं

कचरूभाऊ ओव्हाळ आयुष्यात कधी कबड्डी खेळले नाहीत, आणि तरी कसबा पेठेतल्या पंचरत्न संघात त्यांच्यावाचून पान हलत नव्हतं. आधीची दोन मुलं जगली नाहीत म्हणून आईनं यांचं नाव कचरू ठेवलं होतं. असं नवसासायासानं वाचलेलं पोर मातीत लोळायला कोण पाठवतंय? आठव्या वर्षी एकदा मैदानात उतरले, गुडघा फोडून घरी आले, आणि आईनं जी शपथ घातली ती घातलीच. तेव्हापासून ते मैदानाच्या रेषेबाहेर उभे राहिले. १९९९ साल उजाडलं तेव्हा तिथंच उभं राहून त्यांना चाळीस वर्षं होऊन गेली होती.

नोकरी टेलिफोन खात्यात, लाइनमनची. एके काळी या नोकरीला काय रुबाब होता! फोनसाठी लोक आठ-आठ, दहा-दहा वर्षं नंबर लावून बसत, आणि खांबावर चढणारे कचरूभाऊ दिसले की भले भले वाडेवाले खाली उभे राहून चहा घेण्याचा आग्रह करत. मग सगळं खुलं झालं. फोन मागितला की आठवड्यात मिळू लागला, गल्लोगल्ली पिवळे एस.टी.डी. बूथ झाले, आणि चहा विचारणारी माणसं हळूहळू ओळख विसरली. कचरूभाऊंना ते लागलं, पण त्यांनी दाखवलं नाही. पेठेत त्यांच्या शब्दाला किंमत उरली होती ती एकाच ठिकाणी, कबड्डीच्या मैदानावर.

आणि तिथं मात्र ती भरपूर होती. कचरूभाऊ गुण मोजत ते बोटांच्या पेरांवर. उजव्या हाताच्या पेरांवर आपला संघ, डाव्या हाताच्या पेरांवर समोरचा. एक गुण झाला की अंगठा एक पेर पुढे. मैदानावरचा गुणफलक म्हणजे खडूनं लिहिलेला काळा फळा. गर्दी आत सरकली की तो दिसेनासा होई, आणि लिहिणारा माणूस दोन गुण मागे असे तो वेगळाच. त्यामुळे पंचरत्नचे खेळाडू फळ्याकडे पाहतच नसत. ते कचरूभाऊंकडे पाहत. मग कचरूभाऊ बोटं वर करत: तीन बोटं म्हणजे तीन गुणांनी वर, मूठ म्हणजे बरोबरी, पालथा पंजा म्हणजे मागे. चाळीस वर्षांत हा हिशेब एकदाही चुकला नव्हता. मुलगा बुद्धभूषण सॉफ्टवेअर कंपनीत लागला, तेव्हा तोही मित्रांना अभिमानानं सांगे, "आमच्या घरी पहिला कॉम्प्युटर म्हणजे बाबा."

संघ तसा करंटाच. जिल्हा स्पर्धेत अकरा वर्षांत नऊ वेळा उपांत्य फेरीत हरला होता. हरला की कचरूभाऊ आठ दिवस दाढी करत नसत. पत्नी नंदाबाई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या. सहशिक्षिकांनी विचारलं तर त्या सांगत, "घरी दुखवटा आहे. दर जानेवारीत असतो." मग फेब्रुवारीत कचरूभाऊ पुन्हा ताजेतवाने होत आणि पुढच्या वर्षी कुणाला ठेवायचं, कुणाला काढायचं, कुठल्या गावात कुठला नवा चढाईपटू तयार होतोय याची चर्चा करत फिरत. संघाच्या समितीत त्यांना मत नव्हतं. पण अध्यक्ष दत्तोबा शिर्के संघनिवडीच्या बैठकीत शेवटी त्यांच्याकडे वळून विचारत, "भाऊ, तुमचं काय म्हणणं?" आणि भाऊ म्हणत तसं होई.

त्या वर्षीच्या जानेवारीत उपांत्य फेरीत समोर भोसरीचा संघ होता. पंचरत्नचा कर्णधार माधव वडके. वय तेहतीस, तांबट आळीत घरचा धंदा. दिवसभर हातोडीनं तांब्याची भांडी ठोकून त्याच्या पंजात अशी ताकद आली होती, की त्यानं घोट्याला हात घातला तर चढाई करणारा जागचा हलत नसे. माणूस मितभाषी. जिंकला तरी तेवढंच बोले, हरला तरी तेवढंच.

सामना संपायला आठेक मिनिटं होती. पंचरत्न पुढे होता, पण त्यांचे सगळे खेळाडू एकेक करून बाद होत आले होते. नेमका त्याच वेळी मागं कुणी एक गृहस्थ ऊस सोलून खात होता आणि चोयट्या रेषेवर टाकत होता. कचरूभाऊंना हे सहन होणं शक्य नव्हतं. ते मागं वळले. म्हणाले, "अहो, आपण रसवंती इथंच काढणार असाल तर तसं सांगा, मैदान आम्ही दुसरीकडे हलवतो." आसपासचे हसले. हसणारे मिळाले की कचरूभाऊंना पुढचं वाक्य सुचे, तसं ते सुचलं, आणि ते बोलताना त्यांनी डावा हात त्या गृहस्थाच्या नाकासमोर नाचवला. इकडे पंचरत्नचा शेवटचा खेळाडू बाद झाला. म्हणजे लोण चढला. सगळा संघ बाद झाला की समोरच्याला दोन गुण जादा मिळतात. कचरूभाऊ पुन्हा मैदानाकडे वळले, बाद झालेल्याचा एक गुण त्यांनी मोजला, आणि अंगठा पेरावर ठेवून दिला. जादा दोन राहिले. आपल्या विनोदावर ते अजून मनातल्या मनात खूश होते.

शेवटची चढाई भोसरीची होती. गर्दी रेषेपर्यंत आली होती, फळा दिसत नव्हता, दत्तोबा पंचांच्या टेबलापाशी वेळेवरून हुज्जत घालत होते. माधवनं कचरूभाऊंकडे पाहिलं. कचरूभाऊंनी दोन बोटं वर केली आणि दुसऱ्या हातानं थांबायची खूण केली: दोननं वर आहोत, जाऊ दे त्याला, हात लावू नकोस.

चढाई करणारा आत आला आणि बोनस रेषेच्या पलीकडे पाय टाकून एका गुणासाठी धडपडू लागला. त्याचा घोटा माधवपासून हातभर अंतरावर होता. माधव वाकला होता. हजार माणसांनी पाहिलं, की तो वाकला होता, आणि मग सरळ उभा राहून एक पाऊल मागे सरकला. चढाई करणारा बोनस घेऊन परत गेला. शिट्टी वाजली. कचरूभाऊंनी टाळ्या वाजवायला हात उचलले, आणि समोर भोसरीची माणसं नाचायला लागली.

सामना बरोबरीत होता. त्या एका गुणानं पंचरत्न हरला.

कचरूभाऊंना काय झालं ते कळायला फार वेळ लागला नाही. त्यांनी डाव्या हाताकडे पाहिलं, ऊसवाला आठवला, आणि लोणाचे जादा दोन गुण राहिल्याचं लक्षात आलं. तेवढ्यात लोक ओरडायला लागले होते. "सोडलं का रे त्याला?" "किती घेतलेस?" "हात भाजला का?" माधव मैदानाच्या मधोमध उभा होता. त्यानं एकदाच कचरूभाऊंकडे पाहिलं. रागानं नाही. त्या बघण्यात नुसती वाट पाहणं होतं, की आता हा माणूस बोलेल.  कचरूभाऊंनी मान फिरवली आणि गर्दीतून वाट काढत निघून गेले. माधवशिवाय ती दोन बोटं कुणी पाहिली नव्हती.

या वेळी त्यांनी दाढी वाढवली नाही. रोज सकाळी गुळगुळीत करून कामावर जात. नंदाबाईंना तेच विचित्र वाटलं.

मे महिन्यात एका रविवारी सकाळी तालमीत संघनिवडीची बैठक झाली. मधल्या तीन महिन्यांत पेठेत बोलणं पिकलं होतं. माधव घाबरला, माधव थकला, काही तर म्हणत माधव विकला गेला. माधवनं खुलासा केला नव्हता. तो बैठकीला आलाही नव्हता. पुढचं वर्ष संघाच्या पन्नाशीचं होतं, आणि त्या वर्षी कर्णधार म्हणून उभं राहावं आणि मग खेळणं थांबवावं, एवढीच त्याची इच्छा आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. दुसरीकडे हिंजवडीच्या विश्वजीत साखरेचं नाव पुढे आलं होतं. वीस वर्षांचा, उंच, हरणाच्या पायांचा. गावची जमीन आयटी पार्कसाठी गेलेली, वडील सर्जेराव यांनी त्या पैशातून गाड्या घेऊन कंपन्यांना लावलेल्या.

दत्तोबा नेहमीप्रमाणे वळले. "भाऊ, माधवचं काय करायचं? तुमचं काय म्हणणं?"

हीच वेळ होती. कचरूभाऊ सांगायचं ठरवून आले होते, निदान घरून निघताना तरी. पण पंधरा माणसं त्यांच्याकडे पाहत होती. फोनसाठी चहा पाजणारं कुणी उरलं नव्हतं. गुण चुकले असं सांगितलं, तर इथंही कोण विचारणार? असं सगळं त्यांच्या डोक्यात एका क्षणात येऊन गेलं. गप्प बसले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण त्यांना सुचलं, आणि सुचलेलं गिळणं त्यांना कधी जमलं नव्हतं.

"माधवचे हात अजून चालतात," ते म्हणाले. "पण भांड्यावर. भांडं पळून जात नाही."

हशा पिकला. माधवचं नाव यादीतून गेलं, विश्वजीतचं आलं. संध्याकाळपर्यंत ते वाक्य कसब्याच्या टोकापर्यंत पोचलं होतं. दुसऱ्या दिवशी कचरूभाऊ तारेचं भेंडोळं खांद्यावर घेऊन तांबट आळीच्या तोंडाशी आले, तर दोन टवाळ पोरं माधवच्या दुकानासमोरून जाता जाता मोठ्यानं म्हणत होती, "भांडं पळालं का हो?" आतला ठोकण्याचा आवाज थांबला नाही. कचरूभाऊ तिथूनच मागं फिरले. त्या दिवसापासून त्यांनी तांबट आळी टाळली. तिथली तक्रार आली की जोडीदाराला पाठवत.

लाज ही अशी गोष्ट, की ती एका जागी बसत नाही. जुलैमध्ये एका रविवारी बुद्धभूषण पोहे खाता खाता आपल्या कामाबद्दल सांगत होता. जुन्या काळच्या माणसांनी कॉम्प्युटरमध्ये साल लिहिताना शेवटचे दोनच आकडे लिहिले, पुढचे दोन गाळले, आणि आता २००० साल आलं की सगळं कोलमडेल म्हणून ते शोधत बसावं लागतंय.

"दोन आकड्यांसाठी एवढी माणसं?" कचरूभाऊंनी विचारलं.

"दोनच, बाबा. पण पुढचं सगळं त्यावर चुकत जातं ना. आणि कुणी कबूल करत नाही, की आम्हीच गाळले."

कचरूभाऊंनी बशी खाली ठेवली आणि उठून गेले. बुद्धभूषण रविवार असूनही कामाला निघून गेल्यावर नंदाबाई त्यांच्यासमोर येऊन बसल्या. "आता सांगता का, जानेवारीपासून काय झालंय?"

त्यांनी सगळं सांगितलं. ऊस, लोण, दोन बोटं, भांडं. 

"मग?" शेवटी त्या म्हणाल्या. "कधी सांगताय?"

"सांगितलं ना आत्ता तुला."

"मी कुठं पंचरत्नमध्ये खेळते?" नंदाबाई उठल्या. "माझ्या वर्गातली पोरंसुद्धा चूक करून दुसऱ्याचं नाव सांगतात. पण त्यावर विनोद करत नाहीत."

नंतर त्यांनी हा विषय काढला नाही. त्याचाच कचरूभाऊंना जास्त त्रास झाला.

सराव सुरू झाला. विश्वजीत रोज हिंजवडीहून वडिलांच्या जीपमधून येई. पोरगा गुणी होता, आणि सांगेल ते ऐकणारा. एकदा पाणी पिता पिता त्यानं कचरूभाऊंना विचारलं, "भाऊ, माधवदादा येत न्हाईत व्हय सरावाला? मला त्यांची ती घोट्याची पकड शिकायची हाय. आमच्या गावात समदे त्यांचंच नाव काढत्यात."

"त्याला वेळ नसतो," कचरूभाऊ म्हणाले. आणखी एक खोटं. ही आता सवय होत चालली होती.

पन्नासाव्या वर्षी संघ पुन्हा उपांत्य फेरीत गेला, आणि पुन्हा हरला. शेवटची दोन मिनिटं असताना विश्वजीतनं एकट्यानं सामना फिरवायच्या जोशात खोलवर चढाई केली आणि चौघांच्या तावडीत सापडला. चार गुणांनी हार. तेच लोक, तेच आवाज: "जा हिंजवडीला, बस चालव." पोरगा डोक्यावर टॉवेल घेऊन मातीत बसला. या सामन्यात कचरूभाऊंनी बोटं वर केलीच नव्हती. खेळाडू त्यांच्याकडे पाहत राहिले, आणि ते हात खिशात घालून उभे होते. अंगठा पेरावर ठेवायची त्यांना भीती वाटत होती.

मेमधली बैठक पुन्हा तालमीतच होती. विश्वजीतला काढायचं, हे जवळजवळ ठरून लोक आले होते. दत्तोबा वळले. "भाऊ, या हिंजवडीकराबद्दल काय म्हणणं?"

कचरूभाऊंनी वर पाहिलं. पंधरा चेहरे होते, आणि सगळे हसायला तयार होऊन बसले होते. ओठ आधीच जरा फाकलेले. एका पोराची बदनामी ऐकायला ही माणसं जमली आहेत आणि ती आपण खुसखुशीत करून द्यावी अशी त्यांची अपेक्षा आहे, आणि ती अपेक्षा आपणच चाळीस वर्षं लावून ठेवली आहे. कचरूभाऊंना स्वतःची किळस आली.

ते उभे राहिले. एरवी ते बसूनच बोलत. "विश्वजीतचं मागाहून बघू," ते म्हणाले. "मागच्या साली माधवनं पाय सोडला, तो माझ्या सांगण्यावरून. मी दोन बोटं दाखवली होती. लोणाचे दोन गुण मी मोजायला विसरलो. सामना मी घालवला. माधवची काही चूक नव्हती. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं, आणि मी त्याची चेष्टा केली."

 मग दत्तोबांनी मान हलवली, आणि त्यांचे डोळे चक्क ओलावले.

"बघा," ते इतरांना म्हणाले. "याला म्हणतात संघावरचं प्रेम. पोरावर आळ राहू नये म्हणून हा माणूस स्वतःवर घेतोय."

"अहो, घेत नाही, माझंच आहे ते," कचरूभाऊ म्हणाले.

"भाऊ, चाळीस वर्षांत तुमचा एक गुण चुकला नाही," कुणीतरी म्हणालं. "आणि लोणाचे दोन चुकतील? आम्ही काय लहान आहोत?"

ते जितकं शपथेवर सांगू लागले, तितका त्यांचा मोठेपणा वाढत गेला. शेवटी कुणी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली. विश्वजीतला आणखी एक वर्ष द्यावं असं ठरलं, भाऊंच्या शब्दाखातर. पन्नाशीच्या समारंभात भाऊंचा शाल देऊन सत्कार करावा असाही ठराव झाला. माधवबद्दल कुणी काही बोललं नाही. त्यानं पाय सोडला तो सोडलाच, फक्त भाऊंचं मन मोठं, एवढंच त्यातून निघालं.

कचरूभाऊ तालमीतून थेट तांबट आळीत गेले. वर्षभरानं. उन्हं चढली होती. माधव दुकानात बंबाचं बूड ठोकत बसला होता. त्यानं पाहिलं, हातोडी बाजूला ठेवली, आणि घोंगडी झटकून पुढे सरकवली.

कचरूभाऊ बसले नाहीत. उभ्या उभ्याच त्यांनी तालमीत काय झालं ते सांगितलं.  "कुणी विश्वास ठेवत नाही रे. तू चल माझ्याबरोबर. तू पाहिलंस. तू सांगितलंस तर ऐकतील."

माधवनं कपाळाचा घाम पुसला. "भाऊ, मी त्याच दिवशी सांगणार होतो. ओठावर आलं होतं."

"मग का नाही सांगितलंस?"

"एक विचारू? मी तेव्हा चारचौघांत म्हणालो असतो, की भाऊंनी बोटं दाखवली, तर तुम्ही काय म्हणाला असता?"

कचरूभाऊंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. मग ते थांबले आणि त्यांनी खरंच विचार केला, गर्दी, ओरडणारे लोक, आपलं नाव, आणि त्या सगळ्यांसमोर उभा असलेला माधव.

"नाही म्हणालो असतो," ते म्हणाले. "म्हणालो असतो, मी नाही दाखवली."

"तेच वाटलं मला," माधव म्हणाला. "लहानपणापासून तुमची बोटं बघून खेळलो. तुम्ही माझ्या तोंडावर खोटं बोललेलं मला बघायचं नव्हतं."

त्यानं हातोडी उचलली आणि पुन्हा कामाला लागला. कचरूभाऊ घोंगडीच्या कडेला बसले. बराच वेळ ते तिथंच बसून होते, आणि माधवनं त्यांना जा म्हटलं नाही.